मूळ पुरुष तापाने वारला

पुतण्याचं लग्न माँट्रियलला झालं. व्हिसाच्या भानगडीत आमच्यातल्या कुणालाच जाता आलं नाही, म्हणून पुढच्या हिवाळ्यात व्याहीच जुन्नरला आले. पुण्याच्या विमानतळावर त्यांना आणायला मी गेलो होतो. दोन बॅगा आणि दीड हात लांब पुठ्ठ्याची एक नळी, एवढंच सामान. बॅगा त्यांनी मुकाट डिकीत टाकू दिल्या, नळी मात्र मांडीवर आडवी घेऊन बसले. खेडला चहाला उतरलो तर नळी काखेत. (खेडचं राजगुरुनगर होऊन किती वर्षं झाली, पाट्या बदलल्या, पण एस्टीच्या कंडक्टरच्या तोंडात अजून खेडच आहे. एवढं ध्यानात असू द्या, पुढं कामाला येईल.)

घरी पोचल्यावर तात्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. तात्या म्हणजे माझे थोरले भाऊ, नवऱ्या मुलाचे वडील. "नळीत काय आहे रे? बंदूक नाही ना?"

"तसबीर असेल गुंडाळलेली," मी म्हटलं.

रात्री जेवणं झाली, सूनबाईंनी पानाचा डबा फिरवला आणि व्याह्यांनी नळीचं झाकण काढलं. आतला कागद ओसरीच्या पहिल्या खांबापासून तिसऱ्या खांबापर्यंत पुरला. मधे झोपलेलं मांजर उठून गेलं.

वंशावळ होती. तळाशी आमच्या सूनबाई, त्यांच्या शेजारी ताज्या शाईत आमचा पुतण्या, आणि तिथून अकरा पिढ्या चढत गेलं की शेंड्यावर एक शिपाई. फ्रान्सहून निघालेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतला, 1665 साली क्यूबेकच्या धक्क्यावर उतरलेला. गेलेल्या प्रत्येकाच्या नावाखाली बाप्तिस्मा, लग्न आणि दफन अशा तीन तारखा. एकही रकाना रिकामा नाही.

तात्यांनी चष्मा पुसला. "सोळाशे पासष्ट म्हणजे आपल्याकडं काय चाललं होतं?"

"पुरंदरचा तह."

"म्हणजे महाराज मिर्झाराजांना तेवीस किल्ले देत होते, तेव्हा यांचा माणूस तिकडं बोटीतून उतरत होता?"

"साधारण त्याच पावसाळ्यात."

तात्यांच्या गालातलं पान तसंच राहिलं. शिवनेरी आमच्या गच्चीवरून दिसतो. महाराजांचा जन्म आमच्या डोक्यावर झालाय, या भांडवलावर आमच्या घरानं आजवर चारचौघांत मान मिळवला. आणि आता हा माणूस बर्फातून येऊन आमच्याच ओसरीवर आम्हाला साल दाखवत होता. तात्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "आणि आपला कुठं होता?"

इथून पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

तशी वंशावळ आमच्याकडेही होती. 2023 पासून महाराष्ट्रात वंशावळ नाही असं घर शोधून काढावं लागेल. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली आणि ज्या नातवांनी आजोबांची पत्र्याची पेटी भंगारात काढली होती ते भंगारवाल्याच्या पाया पडू लागले. आमच्या भावकीनंही एक वंशावळ काढून, स्टँपपेपरवर शपथ घेऊन, पाच सह्या ठोकून ठेवली होती. तात्यांनी ती कपाटातून काढून व्याह्यांच्या कागदाशेजारी ठेवली. ए-फोरचा कागद. खालून मोजल्या तर पाच पिढ्या. पाचव्याच्या वर तात्यांच्या चुलत्यांनी निळ्या पेनानं बाण काढून लिहिलं होतं, 'सूर्यवंश'. म्हणजे खालून पाच पिढ्या पक्क्या, वरून थेट सूर्य पक्का, मधलं तेवढं गहाळ.

"मधलं काढायचं," तात्या म्हणाले. "पाव्हणे परत जायच्या आत."

मधलं कुठं असतं ते आमच्या भावकीला आता तोंडपाठ आहे. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर द्यायचा आणि ती त्यात चढायची. पाहणी पत्रक, क पत्रक, हक्क नोंद, शाळेचं जनरल रजिस्टर. एका कचेरीत तांबड्या फडक्यात बांधलेलं असं एक दप्तर मिळालं आणि ते वाचायला एक मोडीवाचक आजोबा. मोडी जाणणाऱ्यांना सध्या जे दिवस आलेत ते पेशवाईतसुद्धा नसतील. आजोबांनी भिंग पुसलं, पानावर फुंकर मारली, आमच्या तोंडावर शंभर वर्षांची धूळ उडाली आणि ते वाचू लागले.

"धोंडी बिन राणू."

"सापडला!" तात्या ओरडले.

"थांबा. धोंडी बिन बाळा. धोंडी बिन सखाराम. धोंडी बिन... हे राणू किंवा राघू असेल. एकंदर नऊ धोंडी आहेत. तुमचा कोणता?"

गप्प बसलो. जगत नाहीत म्हणून पोरांची नावं धोंडी, दगडू, केरू, भिका अशी ठेवायची रीत होती. असला भिकार माल कोण नेईल, असं यमाला वाटावं. यम फसला की नाही देव जाणे, नातू मात्र पुरते फसले. आणि नाव जन्माच्या नोंदीत असेलच असंही नाही. पुष्कळ ठिकाणी बापाचं नाव आणि पुढं नुसतं 'मुलगा'. बारसं व्हायच्या आधी कोतवाल खबर देऊन मोकळा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो हेही त्या दिवशी कळलं. आमच्या घराण्यात शुद्धलेखन कुणालाच का येत नाही याचा उलगडा झाला.

परतताना गाडीत तात्या अस्वस्थ होते. "ते 'बिन राणू' म्हणजे काय रे? राणूशिवाय? आपल्या पणज्याला बाप नव्हता?"

मी समजावलं की हा बिन बिनपगारीतला नव्हे. हा अरबी. अमक्याचा मुलगा अमका. फारसी दप्तरातून आपल्याकडे आला. धोंडी गावरान, राणू गावरान, आणि दोघांच्या मधे हा अरबस्तानातला पाहुणा दाटीवाटीनं बसलेला.

मृत्यूच्या रजिस्टरात आमचा असावा असा एक धोंडी मिळाला. कारणाच्या रकान्यात 'ताप'. त्याच्या वरच्याला ताप, खालच्यालाही ताप. सबंध पान तापलेलं होतं. संध्याकाळी व्याह्यांनी उत्सुकतेनं विचारलं, काय मिळालं? तात्यांनी छाती पुढं काढून मला भाषांतर करायला सांगितलं, "म्हणावं, मूळ पुरुष तापाने वारला."

त्या नऊपैकी एकाही धोंडीला आडनाव नव्हतं, ही खरी पंचाईत. आडनावं तेव्हा नव्हती असं नाही. सोयरीक जमवायला होती, भांडायला होती, देवक विचारायला होती. रोज लावून हिंडायची वस्तू मात्र नव्हती, लग्नातल्या फेट्यासारखी प्रसंगाला बाहेर निघायची. साहेबाला ते चालेना. 1830च्या दशकात आपल्याच जिल्ह्यात इंदापूरला गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी जमिनीची नवी मोजणी सुरू केली, शेताशेताला नंबर पडला. आता शेताला नंबर आहे म्हटल्यावर सारा भरणाऱ्याचीही खूण पक्की हवी. नऊ धोंडी घेऊन मामलेदार काय करणार? पुढं शाळा आली, कोर्ट आलं, रेल्वे आली, पलटण आली, आणि स्वतःचं, बापाचं आणि आडनाव असा तीन तुकड्यांचा माणूस तयार झाला. आपण समजतो आडनाव पूर्वजांनी दिलं. पुष्कळदा ते कारकुनानं विचारलं आणि पूर्वजानं घाबरून सुचेल ते सांगितलं.

मॉरिशसला उसाच्या मळ्यावर गेलेल्या मराठी माणसांचं तर फारच सोपं झालं. बेट इंग्रजांचं, दप्तरावर छाप फ्रेंचांची. तिथल्या लेखनिकानं नाव विचारलं, यांनी सांगितलं, त्यानं कानाला लागेल तसं लिहिलं, आणि त्या एकट्या माणसाचं पाळण्यातलं नाव पुढच्या सगळ्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ती कागदपत्रं अजून आहेत, नातू येऊन बघतात. आमचे पूर्वज तिकडे गेले असते तर आज आम्ही सगळे 'श्री. धोंडी' असतो. तात्यांना ती कल्पना अजिबात आवडली नाही.

व्याह्यांकडे मात्र कागद का निघाले? कारण तिकडे पाद्री होते. बाप्तिस्मा, लग्न, दफन, तिन्ही वेळेला माणूस चर्चात येणारच, आणि पाद्री वहीत लिहिणारच. शिवाय एक प्रत सरकारात. सिप्रियां तांग्वे नावाच्या एका पाद्र्यानं तर हे सगळं जमवून 1871 ते 1890 या काळात फ्रेंच कॅनडातल्या घराण्यांचा वंशकोश छापला, सात खंड. पाद्री म्हणजे लग्न नाही, मूलबाळ नाही, आणि आयुष्य गेलं दुसऱ्यांची मुलंबाळं मोजण्यात. तात्यांनी हे ऐकून हात जोडले.

आपल्याकडे पाद्र्याचं काम भाऊबंदकीनं केलं. हे मी विनोदानं सांगत नाही. पाटीलकीवरून, कुलकर्णावरून, शेताच्या बांधावरून दोन भाऊ भांडले की प्रकरण गोतसभेत जायचं, मग दोघांनी आपापला करीना लिहून द्यायचा: आमचा मूळ पुरुष अमका, त्याला लेक इतके, थोरला हा, धाकटा तो, वतन थोरल्याचं. मग गोताचा लेखी निवाडा, म्हणजे महजर. मोडीतले असे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात गाठोड्यांनी पडलेत. रियासतकार सरदेसायांनी त्या दप्तरातले निवडक कागद छापले तेच 45 खंड झाले. म्हणजे ज्या घरात भाऊ भाऊ डोकी फोडत होते त्यांची वंशावळ सात पिढ्यांची मिळते, आणि जे गुण्यागोविंदानं नांदले त्यांचं नावनिशाण नाही. तात्यांनी कपाळाला हात लावला. "आपले साले भांडलेच नाहीत कधी!" त्यांच्या आवाजात पूर्वजांविषयी एवढी नाराजी मी पहिल्यांदा ऐकली. वास्तविक तात्या आणि धाकटे चुलते विहिरीच्या पाळीवरून गेली बावीस वर्षं कोर्टात आहेत. पुढच्या पिढ्यांची चिंता नको.

व्याह्यांच्या कागदावर मूळ पुरुषाच्या नावापुढे एक बारका शब्द होता. उच्चार 'दी', अर्थ 'म्हणतात'. अमुक दी लाफ्लर. खरं आडनाव निराळंच, पण पलटणीत त्याला लाफ्लर म्हणत, म्हणजे फूल. फ्रेंच शिपायाला भरती झाल्यावर असं एक नाव चिकटायचं. कुणी सांसूसी, निश्चिंत. कुणी जोलिकर, दिलखूश. एखादा त्रांशमोंतान्य, म्हणजे चक्क डोंगरकापे. बाराशेच्या वर शिपाई आले होते, मोहीम संपल्यावर त्यातले चारेकशे तिथेच राहिले, जमिनी मिळाल्या, आणि मुलांनी कुणी बापाचं मूळ आडनाव धरलं, कुणी पलटणीतलं. त्यामुळे सख्ख्या भावांच्या शाखांना दोन आडनावं, आणि शोधणाऱ्याची दमछाक.

"मग सरळ ऊर्फ म्हणा की!" तात्या खूश झाले. व्याह्यांनी 'ऊर्फ' दोनतीनदा म्हणून पाहिलं, त्यातला 'र' त्यांनी घशातून असा काही काढला की आमच्या आत्यांनी घाईनं पाणी मागवलं.

त्यात तिकडची आणखी एक रीत अशी की बाप्तिस्म्याला प्रत्येक मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि प्रत्येक मुलीच्या नावाआधी मारी लावायचंच. घरात सात मुलगे तर सात जोसेफ. म्हणजे त्यांचेही नऊ धोंडी होते, फक्त त्यांना तारखा होत्या.

दुसऱ्या दिवसापासून व्याह्यांनी वहीच काढली. दिसेल त्या दुकानाच्या पाटीवरचं आडनाव टिपायचं आणि मला अर्थ विचारायचा. मी कधी विचार न केलेल्या गोष्टी त्यांनी मला करायला लावल्या. डोके म्हणजे डोकं. हाडवळे, त्यात हाड आहे. दातखिळे, त्यात दात. "एवढं शरीरशास्त्र एकाच तालुक्यात?" मंचरचे बाणखेले ऐकल्यावर तर हा माणूस त्यांच्या पलटणीतला असणारच, अशी त्यांची खात्री पटली. राजुरीचे औटी. आता औट म्हणजे साडेतीन, एवढं मला ठाऊक. "साडेतीन काय?" व्याह्यांनी पेन सरसावलं. ते राजुरीत जाऊन विचारायची माझी छाती नाही.

पण आडनावाचा उपयोग तरी किती? ओतूरच्या बाजारात उभं राहून "डुंबरे!" अशी हाक मारून बघा, निम्मा बाजार मागे वळेल. ज्या गावात सगळेच एका आडनावाचे तिथे आडनाव असून नसल्यासारखं, मग लोक आपापली सोय बघतात: वाड्यावरचे, खालच्या आळीचे, मास्तरांचे, चक्कीवाले. चक्की बंद होऊन तीस वर्षं झालेली असतात. नातू पुण्यात संगणकावर बसतो, पण गावात आला की चक्कीवाल्याचा. लग्नपत्रिकेत छापलं जातं ते वेगळं, पोस्टमन ज्यावर पत्र पोचवतो ते वेगळं. पोस्टमनचंच खरं.

आंबेगावकडे हे दी प्रकरण उघड उघड चालतं. वळसे पाटील, आढळराव पाटील. तालुक्यातली मोठी नावं जोडीनंच येतात. महसुली पाटलांची वतनं 1962च्या कायद्यानं गेली. सरकारनं पाटीलकी काढून घेतली, पाटील काढायला विसरलं. आमच्या घराण्यात हे पद कधीच नव्हतं. पण गोदावरीवर अस्थी घेऊन गेलेल्यांच्या नावांच्या वह्या नाशिकचे उपाध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात, म्हणून तात्या शेवटचा उपाय करायला नाशिकला जाऊन आले. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. उपाध्यांनी दोन वह्या पालथ्या घातल्या, आडनाव मिळेना. मग गावावरून शोधलं आणि पणजोबा सापडले. बापाच्या अस्थी घेऊन आलेले, सोबत कोण कोण ते सगळं लिहिलेलं, आणि आडनावाच्या जागी स्वच्छ अक्षरात 'पाटील'. तीर्थाच्या ठिकाणी माणूस खोटं बोलत नाही म्हणतात. आमच्या पणजोबांनी कुणी ओळखीचं आसपास नाही हे पाहून घेतलं असणार.

म्हणजे एकाच माणसाची कोतवाल बुकात आडनावाविना बोळवण, नाशकात पाटीलकी, आणि शाळेच्या रजिस्टरात त्याच्या पोराला तिसरंच आडनाव, जे आम्ही आज लावतो. ते कोणतं ते मी सांगणार नाही. सांगितलं की त्याच आडनावाचे पलीकडच्या गावचे लोक येतील आणि म्हणतील, तुम्ही आमच्यातले नव्हेच.

व्याह्यांना सगळ्यात गोड लागलं ते 'कर'. गावाला कर जोडला की आडनाव तयार, हे त्यांना फार सोपं वाटलं. "मग तुम्ही जुन्नरकर का नाही?" त्यांनी विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, जुन्नरमधे जुन्नरकर कशाला असेल? गावातल्या गावात सगळेच जुन्नरचे. जुन्नरकर व्हायला जुन्नर सोडावं लागतं. परगावात उपऱ्याला लोक विचारतात, कुठले तुम्ही? तो सांगतो, आणि ते गाव त्याच्या पाठीला कायमचं चिकटतं. जो जातो त्याला कर लागतो, जो राहतो त्याला सारा. विठाबाई नारायणगावकर जन्मल्या पंढरपुरात, नाचल्या-गायल्या अख्ख्या महाराष्ट्रात, राष्ट्रपतींच्या हस्ते पदक घेऊन आल्या, आणि तंबूवर नाव नारायणगावचं. नारायणगावात राहून दुकान चालवणाऱ्याला ते भाग्य नाही.

आणि आंबेगावकर कुणी असेल तर त्यानं काय करावं? तालुक्याचं नाव आंबेगाव, कचेरी घोडेगावला, आणि खुद्द आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली. सातबाऱ्यापासून दाखल्यापर्यंत लाखो लोक रोज आपल्या पत्त्यात बुडालेल्या गावाचं नाव लिहितात. व्याह्यांना आम्ही डिंभ्याच्या भिंतीवर नेलं. मी पाण्याकडे बोट दाखवून म्हटलं, "आंबेगाव." त्यांनी कॅमेरा सरसावला, पाणीच पाणी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ त्यांना वाटत होतं की माझं इंग्रजी चुकतंय.

आत्यांनी एवढा वेळ या भानगडीत लक्ष घातलं नव्हतं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. एका दुपारी ओसरीवर कागद पसरलेला असताना त्या काठी टेकत आल्या आणि सूनबाईंना म्हणाल्या, "यात बाया कुठं हायत?" सूनबाईंनी दाखवल्या. प्रत्येक पुरुषाशेजारी बाई, तिचं नाव, तिच्या बापाचं आडनाव, तिच्या आईचं नाव. तिथल्या पाद्र्यांच्या वहीत बाईचं माहेरचं आडनाव मरेपर्यंत तिचंच राहायचं, दफनाच्या नोंदीतसुद्धा. आणि क्यूबेकमध्ये 1981 पासून तर कायद्यानंच लग्नानंतर आडनाव बदलत नाही. मूळ शिपायाची बायको राजाच्या खर्चानं पाठवलेल्या मुलींपैकी. 1663 ते 1673 या दहा वर्षांत वसाहतीत नवऱ्या मुलींचा तुटवडा म्हणून सुमारे आठशे मुली फ्रान्सहून पाठवल्या होत्या. आत्यांनी विचारलं, "हुंडा?" मी म्हटलं, "राजानं दिला." आत्यांनी राजाला मनोमन पसंती दिली.

मग त्यांनी आमच्या ए-फोरकडे पाहिलं. पाच पिढ्या, सतरा पुरुष, बाई एकही नाही. जणू सतराही जण शेतात उगवले. आत्यांना स्वतःला तीन नावं. माहेरचं एक, लग्नात तांदळात लिहून ठेवलेलं दुसरं, आणि मुलगा झाल्यापासून अमक्याची आई, जे सगळ्यांत जास्त वापरात आलं. माहेरचं नाव शेवटचं कुणी हाक मारून घेतलं ते त्यांच्या आईनं. नवऱ्याचं नाव त्यांनी स्वतः आयुष्यात कधी सरळ घेतलं नाही. एकदा खानेसुमारीवाला आला, घरात दुसरं कुणी नव्हतं, त्यानं मालकांचं नाव विचारलं, आत्यांनी लाजत उखाणा घेतला. त्यानं तो सबंध उखाणा रकान्यात बसवला. शंभर वर्षांनी कुणी ते रजिस्टर उघडेल तेव्हा आमच्या मामांच्या नावात चांदीचं ताट आणि महादेवाची पिंड निघेल.

"लिव्ह," त्या मला म्हणाल्या. आणि पुढचा पाऊण तास आत्यांनी सांगितलं, मी लिहिलं. कोणाची आई कुठल्या गावची, कोणाची लेक, कोणाला दिली, कोण माघारी आली, कोणाची दुसरेपणाची. उदापूर, खामगाव, पारगाव, अवसरी. कोतवालाला जमलं नाही, नाशकाला जमलं नाही ते कागदावर उतरलं. राणू खरा निघाला, राघू नव्हे. कारण राघू आत्यांच्या आजीच्या सासूचा दीर, तो लहानपणीच गेला. तापानं. तात्या खाली बसून ऐकत होते. "आत्या, हे आधी का नाही सांगितलंस?" तर म्हणाल्या, "तुमी बाप्यांची इचारत व्हता."

शेवटच्या दोन दिवसांत व्याह्यांना फिरवून आणलं. खोडदला दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटरच्या तबकड्या दाखवल्या. अशा एकंदर तीस आहेत, तिथं बसून अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी पकडतात. तात्यांनी तिथल्या रखवालदाराला सहज विचारलं की दीडशे वर्षांपूर्वीचं काही दिसतं का. हापूसबागेत गेलो तेव्हा व्याह्यांनी आंब्याचं झाड विचारलं. मी सांगितलं, आंब्याचं हापूस ते पोर्तुगीज अफोन्सो द आल्बुकर्कचं, आणि गावचं हापूस ते, लोक म्हणतात, हबशांचं. मलिक अंबरच्या काळात जुन्नर काही वर्षं निजामशाहीची राजधानी होतं. मलिक अंबरला तरी आईबापांनी कुठं अंबर नाव ठेवलं होतं? तो हबसाणातला चापू. विकला गेला, मालकानं नाव बदललं.

जुन्नरच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी खोदलेली आहेत. त्यातल्या तीन लेखांत दान देणारा स्वतःला यवन म्हणवतो. एकानं पाण्याची दोन टाकी दिली, त्याचं नाव इरिल. ठीक आहे, परदेशी वाटतं. दुसऱ्यानं भिक्षूंना जेवायला मंडप दिला, तो चिट. तिसरा चंद. यवन चंद! व्याही त्या नावापाशी थबकले. दोन हजार वर्षांपूर्वी कुठून तरी बोटीनं आलेला माणूस, नाणेघाट चढून जुन्नरात पोचला, आणि दगडात नाव कोरायची वेळ आली तेव्हा चंद झाला होता. माझा तर्क असा की त्याचं खरं नाव पाथरवटाला उच्चारता आलं नाही. तात्यांचा तर्क असा की त्यानं जेवणावळ घातली असती तर नीट लिहिलं असतं.

नाणेघाटावर मी व्याह्यांना गौतमीपुत्र आणि वासिष्ठीपुत्र सांगितले. सातवाहन राजे आईचं नाव आधी लावत. मधे दोन हजार वर्षं गेली आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारनं आईचं नाव बापाच्या आधी घालायला सांगितलं. तात्यांनी हे आत्यांना येऊन सांगितलं. आत्या म्हणाल्या, "लई लवकर."

आता व्याह्यांचं स्वतःचं नाव. ते मी इथं लिहीत नाही, लिहिलं तरी तुम्हाला म्हणता येणार नाही. आमच्या आळीला तर मुळीच आलं नाही. पहिल्या दिवशी पोरं 'ज्याँ' म्हणायला गेली, दुसऱ्या दिवशी त्याचं 'जान' झालं, तिसऱ्या दिवशी किराणावाला "काय जानबा पाव्हणं" म्हणाला आणि विषय मिटला. आठवड्याभरात त्यांना हाक मारली की ते वळून बघू लागले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सप्त्याच्या वर्गणीला पोरं आली. व्याह्यांनी पाचशे एक रुपये दिले. पावती फाडणाऱ्यानं पेन जिभेला लावलं, नाव विचारलं, कोणीतरी मागून 'जानबा' म्हणालं, ते त्यानं लिहिलं आणि पुढं थांबला.

"आडनाव?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तात्या काहीतरी सांगायला पुढं झाले, व्याही 'दी' म्हणून सुरुवात करत होते, तेवढ्यात पोरगा म्हणाला, "कुठून आलेत?"

"कॅनडा."

त्यानं पावती फाडून दिली. श्री. जानबा कॅनडाकर, रु. 501, रोख.

व्याह्यांनी मला ती वाचून दाखवायला सांगितली. शेवटचं अक्षर त्यांना ओळखू आलं. मग आत जाऊन त्यांनी नळी आणली, पावती नीट दुमडली नाही, तशीच सपाट कागदात ठेवली, अगदी तळाशी, सूनबाईंच्या नावाशेजारी, आणि झाकण लावलं. तात्या धावत आले.

"पाव्हणं, जरा थांबा. आत्यानं सांगितलेलं पण घाला आत. झेरॉक्स आहे माझ्याकडं."